सर्वात मोठा पक्ष, तरी सरकार दुसऱ्याचं : अतिउजवे पक्ष आणि युरोपातली आघाडीची गणितं

आकडेमोड

युरोपात कुठेही निवडणूक झाली की आपल्या वाहिन्यांवर एकच पट्टी फिरते, 'अतिउजव्यांची मुसंडी'. मुसंडी खोटी नसते, पण पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. पुढचे सहा महिने बंद दाराआड जातात आणि खरा निकाल तिथे लागतो. म्हणून हा धागा. मतं किती पडली यापेक्षा त्या मतांचं सरकारात रूपांतर होतं कसं, कुठे अडतं आणि झालेलं सरकार कुठून फुटतं, यावर बोलू.

सुरुवात नेदरलँड्सपासून, कारण हिशेब तिथे सगळ्यात उघडा आहे. १५० जागा, बहुमत ७६ ला. संपूर्ण देश एकच मतदारसंघ आणि एका जागेएवढी मतं मिळाली की पक्ष सभागृहात, म्हणजे उंबरठा जेमतेम ०.६७ टक्के. २२ नोव्हेंबर २०२३ ला १५ पक्ष निवडून आले. खेर्ट विल्डर्सच्या अतिउजव्या पीव्हीव्हीला ३७, हरित-मजूर युतीला २५, मावळत्या पंतप्रधानांच्या उदारमतवादी व्हीव्हीडीला २४, पीटर ओम्त्सिख्त यांच्या नव्याकोऱ्या एनएससीला २०, मध्यममार्गी डी-६६ ला ९, शेतकऱ्यांच्या बीबीबीला ७.

आता बेरीज करा. पीव्हीव्ही, व्हीव्हीडी, एनएससी आणि बीबीबी मिळून ८८. विल्डर्सना वगळूनही आकडा जमत होता: २५, २४, २० आणि ९ मिळून ७८. म्हणजे त्यांना घेणं गणिताने भाग पाडलेलं नव्हतं. किल्ली २४ जागांच्या व्हीव्हीडीकडे होती आणि तिने ती उजवीकडे फिरवली. निवडणुकीआधीच, ऑगस्ट २०२३ मध्ये, पक्षाच्या नव्या नेत्या दिलान येशिलग्योझ यांनी 'पीव्हीव्हीशी बोलणारच नाही' हे जुनं कुंपण काढून टाकलं होतं. कुंपण निघाल्यावर विल्डर्सना दिलेलं मत वाया जात नाही असा संदेश मतदाराला गेला, आणि त्याचा फायदा व्हीव्हीडीला नव्हे, विल्डर्सना झाला.

सरकार बनायला २२३ दिवस लागले. आधी 'चाचपणी करणारा' नेमतात, मग 'मध्यस्थ', मग प्रत्यक्ष 'सरकार रचणारा'. विल्डर्सनी सुचवलेला पहिला चाचपणीकार जुन्या नोकरीतल्या गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे काही दिवसांतच गेला. जानेवारीत विल्डर्सनी मशिदी आणि कुराणावरच्या बंदीसह तीन विधेयकं मागे घेतली. फेब्रुवारीत ओम्त्सिख्त चर्चेतून उठून गेले. मार्चमध्ये विल्डर्स म्हणाले, मी पंतप्रधान होत नाही. तोडगा असा निघाला की चारही पक्षनेत्यांनी मंत्री न होता सभागृहातच बसायचं आणि पंतप्रधान बाहेरचा आणायचा. गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख डिक स्खोफ यांनी २ जुलै २०२४ ला शपथ घेतली. करार २६ पानांचा, नाव 'आशा, धाडस आणि अभिमान'. अकरा महिन्यांत तिन्ही संपलं.

शंकेखोर

एक मूलभूत प्रश्न. आपल्याकडे सर्वात मोठ्या पक्षाला राज्यपालांनी आधी बोलवायचं की नाही यावर दर निवडणुकीनंतर तंटा होतो. तिकडे याचा लेखी नियम आहे का? ऑस्ट्रियात अतिउजवी फ्रीडम पार्टी पहिली आली आणि राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्यालाच बोलावलं, ते घटनेत बसतं?

राइनकाठ

बसतं. ऑस्ट्रियाच्या घटनेचं कलम ७० एवढंच म्हणतं की चॅन्सेलरची, म्हणजे पंतप्रधानाची, नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि बाकीचे मंत्री चॅन्सेलरच्या शिफारशीवरून. पहिल्या पक्षाला आधी निमंत्रण हा निव्वळ पायंडा.

२९ सप्टेंबर २०२४ चा निकाल: १८३ पैकी फ्रीडम पार्टी ५७, पुराणमतवादी पीपल्स पार्टी ५१, सोशल डेमोक्रॅट ४१, उदारमतवादी निओस १८, ग्रीन १६. फ्रीडम पार्टीची मतं जवळपास २९ टक्के, तिच्या इतिहासातली सर्वाधिक. पण तिचे नेते हर्बर्ट किक्ल यांच्यासोबत बसायला कोणी तयार नव्हतं, म्हणून राष्ट्राध्यक्ष फान डेर बेलेन यांनी २२ ऑक्टोबरला दुसऱ्या क्रमांकाच्या पीपल्स पार्टीचे कार्ल नेहामर यांना जबाबदारी दिली.

गंमत पुढे आहे. ५१ आणि ४१ मिळून ९२, म्हणजे बहुमत फक्त एका जागेने. एक सदस्य आजारी पडला तरी विधेयक पडणार, म्हणून तिसरा पक्ष, निओस, घ्यावा लागला. पैशांवरून तिढा पडला. अंदाजपत्रकातली तूट युरोपियन युनियनच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेलेली, ती भरायची कर वाढवून की खर्च कापून, यावर तिघांचं जमेना. ३ जानेवारी २०२५ ला निओस बाहेर, दुसऱ्या दिवशी नेहामर पायउतार, ६ जानेवारीला किक्ल यांना पाचारण. ज्यांना टाळण्यासाठी तीन महिने घालवले त्यांच्याच दारात पीपल्स पार्टी गेली, तीही धाकटी भागीदार म्हणून.

खातेवाटप

आणि तिथेच माझ्या आवडीचा विषय सुरू होतो. (नाव बघा.)

किक्ल यांची बोलणी १२ फेब्रुवारी २०२५ ला मोडली ती गृहखात्यावर. फ्रीडम पार्टीला चॅन्सेलरपदासोबत गृह आणि अर्थ दोन्ही हवी होती. पीपल्स पार्टी म्हणाली, आश्रय आणि स्थलांतर वेगळं खातं करून घ्या, पण पोलीस आणि गुप्तवार्ता देणार नाही. किक्ल यांना ते मान्य नव्हतं.

हा निव्वळ हट्ट नव्हता. २०१७ ते २०१९ मध्ये हेच किक्ल गृहमंत्री होते. २८ फेब्रुवारी २०१८ ला देशाच्या अंतर्गत गुप्तचर कार्यालयावर पोलिसांनीच छापा घातला. छापा घालणारं पथक रस्त्यावरच्या गुन्हेगारीसाठीचं, आणि ते कागदपत्रं उचलून घेऊन गेलं. पुढे व्हिएन्नाच्या वरिष्ठ न्यायालयाने छाप्याचा बहुतेक भाग बेकायदा ठरवला. मित्रदेशांच्या गुप्तचर संस्थांनी माहिती देताना हात आखडता घेतला. एकदा हे घडल्यावर, तेच खातं त्याच माणसाच्या पक्षाला परत देणं म्हणजे स्वतःची मान देणं.

२०१९ ची आघाडीही शेवटी याच खात्यावर तुटली, हे लोक विसरतात. १७ मे ला इबिझाची चित्रफीत बाहेर आली (मदतीच्या बदल्यात सरकारी कंत्राटं देऊ करणारे फ्रीडम पार्टीचे अध्यक्ष श्ट्राखे तिच्यात दिसत होते), दुसऱ्या दिवशी उपचॅन्सेलर असलेले श्ट्राखे गेले. तेवढ्यावर भागलं असतं. पण पीपल्स पार्टीचे चॅन्सेलर कुर्त्स यांचा आग्रह असा की पक्षाध्यक्षाची चौकशी त्याच्याच पक्षाच्या गृहमंत्र्याच्या हाताखालच्या पोलिसांनी करायची हे चालणार नाही, किक्ल यांनीही जावं. ते जाईनात, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी २२ मे ला त्यांना बडतर्फ केलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रियात मंत्र्याला असं काढण्याची ती पहिली वेळ. फ्रीडम पार्टीचे बाकीचे मंत्रीही बाहेर पडले आणि २७ मे ला अविश्वास ठरावात खुद्द कुर्त्स पडले.

तेव्हा युरोपातल्या कुठल्याही आघाडीची बातमी वाचताना आधी बघा गृहखातं कोणाकडे. पंतप्रधानपद नंतर.

आकडेमोड

सहमत, फक्त डच उदाहरणात खातं देऊनही फुटलं. आश्रय आणि स्थलांतर हे स्वतंत्र खातं करून पीव्हीव्हीलाच दिलं होतं, न्याय-सुरक्षा व्हीव्हीडीकडे. म्हणजे पीपल्स पार्टीने किक्ल यांना जे देऊ केलं, जवळपास तेच.

उत्तरायण

स्वीडनचं राहिलंय. तिथला नियम कळल्याशिवाय 'अतिउजव्यांचा पाठिंबा' या शब्दाला अर्थ नाही.

स्वीडनमध्ये पंतप्रधानाला बहुमत मिळवावं लागत नाही, बहुमत विरोधात जाऊ नये एवढंच पाहावं लागतं. ३४९ सदस्यांपैकी १७५ जणांनी 'नाही' म्हटलं तर उमेदवार पडला. तटस्थ राहिलेलं मत पथ्यावर पडतं. त्यामुळे अल्पमतातली सरकारं तिथे नेहमीची.

सप्टेंबर २०२२ मध्ये अतिउजव्या स्वीडन डेमोक्रॅट्सना ७३ जागा, म्हणजे उजव्या गटात सर्वाधिक. मॉडरेट ६८, ख्रिश्चन डेमोक्रॅट १९, लिबरल १६. एकूण १७६, विरोधात १७३. १४ ऑक्टोबरला तिदो वाड्यावर करार झाला, १७ ला उल्फ क्रिस्टर्शन १७६ विरुद्ध १७३ ने पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळात मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि लिबरल. सर्वात मोठ्या भागीदाराला एकही मंत्रिपद नाही.

शंकेखोर

म्हणजे आपल्या भाषेत 'बाहेरून पाठिंबा'. २००४ ला डाव्यांनी दिला होता तसा, किमान समान कार्यक्रमावर.

उत्तरायण

तीच गल्लत सगळे करतात. डाव्यांचे अधिकारी पंतप्रधान कार्यालयात बसत नव्हते. तिदो करारानुसार स्वीडन डेमोक्रॅट्सना सरकारी कचेरीतच स्वतःचा समन्वय कक्ष मिळाला. करारातल्या विषयांवर, म्हणजे गुन्हेगारी, स्थलांतर, ऊर्जा, शाळा, आरोग्य, अर्थवाढ, त्यांना भागीदार पक्षांच्या बरोबरीचं स्थान. विधेयकाचा मसुदा सभागृहात येण्याआधी त्यांच्या डोळ्यांखालून जातो. निर्वासितांचा वार्षिक कोटा ५००० वरून ९०० वर आणायचं हे त्या करारातलंच कलम. मंत्रिपद नाही म्हणून सभागृहात उत्तरं द्यायची जबाबदारी नाही, आणि धोरण मात्र आपलं.

याला 'बाहेरून' म्हणायचं असेल तर दार कुठे आहे ते आधी ठरवावं लागेल.

आणखी एक खोच. ही इमारत सगळ्यात लहान पक्षावर उभी आहे. स्वीडनमध्ये उंबरठा ४ टक्के. लिबरल पक्ष ४.६ टक्क्यांवर कसाबसा आत आला. तो खाली राहिला असता तर १६ जागा गटातून गेल्या असत्या आणि तिदो करार झालाच नसता. जनमत चाचण्या बघताना स्वीडन डेमोक्रॅट्सचा आकडा बघू नका, चार टक्क्यांच्या आसपास कोण लटकतंय ते बघा.

चौथा कट्टा

बाहेरून पाठिंब्याचं खरंखुरं उदाहरण हवं तर विल्डर्सचंच २०१० चं घ्या. व्हीव्हीडी ३१ आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट सीडीए २१ मिळून ५२, त्याला पीव्हीव्हीच्या २४ चा 'सहन करण्याचा करार'. बेरीज बरोब्बर ७६. मंत्रिपदं नाहीत, कचेरीत माणसं नाहीत. मार्च २०१२ मध्ये पीव्हीव्हीचा एक सदस्य पक्ष सोडून गेला आणि काठावरचं बहुमतही गेलं. महिन्याभरात काटकसरीच्या बोलण्यांतून विल्डर्स उठले आणि सरकार संपलं.

त्याआधीचं, २००२ चं, तर औषधालाही उरलं नाही. स्थलांतरविरोधी नेते पिम फोर्टाइन यांची ६ मे ला हत्या झाली, १५ मे ला त्यांच्या यादीला २६ जागा. नेताच नसलेला, तीन महिन्यांचा पक्ष सरकारात गेला. मंत्री आपापसात भांडले आणि सरकार ८७ दिवसांत गडगडलं.

आकडेमोड

चौथा कट्टा यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. पक्षाची बांधणी. पीव्हीव्हीचा अधिकृत सदस्य एकच आहे, स्वतः विल्डर्स. अधिवेशन नाही, शाखा नाहीत, अंतर्गत निवडणूक नाही. एक हजार सदस्य नसल्यामुळे पक्षाला सरकारी अनुदानही मिळत नाही. विरोधात बसून ट्वीट करायला ही रचना उत्तम. सरकारात जायचं म्हटल्यावर मात्र मंत्रिपदांना माणसं आणायची कुठून? आश्रय खात्यासाठी आधी ठरलेले उमेदवार गुप्तचर खात्याच्या छाननीनंतर गळाले. मग मारयोलाइन फाबर आल्या.

त्यांच्या खात्याचं काय झालं ते तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण हा 'काय चुकतं'चा वस्तुपाठ आहे. करारात लिहिलं होतं की परकीय नागरिक कायद्याची कलम ११० आणि १११ वापरून आणीबाणीचे अधिकार घ्यायचे. म्हणजे राजाच्या आदेशाने कायद्याचे काही भाग लगेच स्थगित करायचे, संसदेची मंजुरी मागाहून. त्यासाठी परिस्थिती अपवादात्मक आहे याचं पटेल असं लेखी कारण लागतं. खात्याच्याच अधिकाऱ्यांना ते लिहिता येईना. एनएससी हा पक्ष कायद्याच्या राज्यासाठी जन्मलेला; त्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये नकार दिला. मग नेहमीच्या मार्गाने विधेयकं करायची ठरली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य परिषदेने (विधेयकांवर सरकारला सल्ला देणारी संस्था) त्यांच्यावरही कडक शेरे मारले.

समजा विधेयकं झाली असती तरी पुढे वरिष्ठ सभागृह उभं. तिथे ७५ जागा, आणि ते प्रांतिक सदस्य निवडतात, म्हणजे जुन्या निकालावर. बीबीबी १६, व्हीव्हीडी १०, पीव्हीव्ही ४. एनएससीचा एकही नाही, कारण मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत तो पक्षच नव्हता. एकूण ३०, हवेत ३८. खालच्या सभागृहात ८८ चं दणदणीत बहुमत असलेलं सरकार वरच्या सभागृहात आठ जागांनी लंगडं. २०२५ च्या अंदाजपत्रकातली शिक्षणाची कपात वाचवायला डिसेंबरमध्ये विरोधातल्या छोट्या पक्षांशी सौदा करावा लागला, तो याचमुळे.

२६ मे २०२५ ला विल्डर्सनी स्थलांतरावर दहा कलमांची नवी मागणी ठेवली, ३ जूनला पाठिंबा काढला. खातं त्यांचं, मंत्री त्यांच्या, काम झालं नाही म्हणून तक्रार त्यांचीच.

खातेवाटप

फाबर बाईंचा पदकांचा प्रकारही जोडा. आश्रितांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या राजपदकांवर सही करायला एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी नकार दिला, शेवटी पंतप्रधानांना सही करावी लागली. कायदा एकही बदलला नाही आणि आठवडाभर चर्चा मात्र त्याचीच.

शंकेखोर

पण मग अतिउजव्यांना सरकारात घेतलं की त्यांचा फुगा फुटतो, हा सिद्धांत बरोबर म्हणायचा ना? डच २०२५ बघा, ३७ वरून २६.

चौथा कट्टा

अर्धाच बरोबर. २९ ऑक्टोबर २०२५ ला पीव्हीव्ही ३७ वरून २६ वर आली खरी, पण बाजूचे आकडे बघा. त्याच पंगतीत बसणारे जेए-२१ एकावरून ९ वर, फोरम ३ वरून ७ वर. गेलेल्या ११ जागा आणि इकडे वाढलेल्या १२. मतदार शेजारच्या घरात राहायला गेला. फुगा फुटला तो सोबत बसलेल्यांचा. एनएससी २० वरून शून्य, बीबीबी ७ वरून ४. २० वरून शून्य हा आकडा कोणत्याही मध्यममार्गी पक्षाने भिंतीवर लिहून ठेवावा.

ऑस्ट्रियात २००० साली उलटं झालं. फ्रीडम पार्टी २६.९ टक्क्यांवरून २००२ मध्ये १० वर आली आणि तिची मतं भागीदार पीपल्स पार्टीकडे गेली, ती ४२ टक्क्यांवर. कारण फूट अतिउजव्यांच्या घरात पडली होती. क्निटेलफेल्डच्या बैठकीत पक्षाचे जुने नेते हायडर यांच्या माणसांनी स्वतःच्याच मंत्र्यांविरुद्ध बंड केलं, उपचॅन्सेलर आणि अर्थमंत्री दोघांनी राजीनामे दिले. तेव्हा कोणाचा फुगा फुटेल हे घर कोणाचं फुटतं यावर आहे. आणि फुटलेला फुगा २०१७ पर्यंत पुन्हा २६ टक्क्यांना भरला, हेही लक्षात घ्या.

उत्तरायण

घर फुटण्यावरून फिनलंड आठवलाच पाहिजे, आणि हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज पडू नये.

२०१५ मध्ये तिथली अतिउजवी फिन्स पार्टी सरकारात गेली. जून २०१७ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात कडव्या गटाचे युस्सी हल्ला-आहो अध्यक्ष झाले. पंतप्रधान सिपिला म्हणाले, यांच्याबरोबर सरकार चालणार नाही. ते राजीनामा द्यायला विमानाने निघालेही होते. तेवढ्यात फिन्सच्या जुन्या नेत्यासह सगळे मंत्री आणि वीस सदस्य फुटले, नवा गट केला, मंत्रिपदं तशीच ठेवली आणि सरकार वाचलं. पक्षांतरबंदी कायदा नाही, त्यामुळे न्यायालय नाही, अपात्रता नाही, चिन्हाचा वाद नाही.

२०१९ मध्ये फुटीर गटाला एकही जागा मिळाली नाही. मूळ फिन्स ३९ वर. २०२३ मध्ये ४६, आणि पुन्हा सरकारात, यावेळी हल्ला-आहो सभापती. त्यांचा अर्थव्यवहारमंत्री जुन्या नाझी-संदर्भांच्या विनोदांमुळे दहा दिवसांत गेला, तरी सरकार टिकलं.

राइनकाठ

सगळे सरकारात शिरण्याबद्दल बोलताय. बाहेर ठेवण्याची किंमतही सांगतो. जर्मनीतलं थुरिंगिया राज्य.

१ सप्टेंबर २०२४: ८८ पैकी अतिउजवी एएफडी ३२. पुराणमतवादी सीडीयू २३, लिंकेतून फुटून निघालेला बीएसडब्ल्यू १५, डावा लिंके १२, सोशल डेमोक्रॅट एसपीडी ६. एएफडीशी कोणी बसणार नाही, आणि सीडीयूच्या ठरावानुसार लिंकेशीही आघाडी नाही. उरले २३, १५, ६. बेरीज ४४. बरोबर निम्मे, एक कमी. प्रत्येक मताला लिंकेची अप्रत्यक्ष मदत लागते. मारिओ फोग्ट डिसेंबरमध्ये ५१ मतांनी मुख्यमंत्री झाले, त्यातली सात तर उघडच आघाडीबाहेरची.

त्याहून महत्त्वाचं, ३२ म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. ज्याला दोन तृतीयांश लागतात ते सगळं एएफडी अडवू शकते: घटनादुरुस्ती, सभागृह विसर्जन, राज्याच्या घटना न्यायालयाचे न्यायाधीश, न्यायाधीश निवड समिती. सरकारात एक खुर्ची नाही आणि हातात नकाराधिकार.

पहिल्याच बैठकीत चुणूक दिसली. सर्वात वयस्क सदस्य अध्यक्षस्थानी, तो एएफडीचा. तो कार्यपद्धती बदलण्याचा प्रस्ताव मतालाच टाकेना. शेवटी प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि दोन दिवसांनी, २८ सप्टेंबरला, सभापती निवडला गेला. खरं तर हा नियम आधीच्या सभागृहात शांतपणे बदलता आला असता. बुंडेस्टागने २०१७ मध्येच बदलला: आता वयाऐवजी सर्वात जास्त वर्षं सदस्य असलेला अध्यक्षस्थानी बसतो.

शंकेखोर

२०२० ला याच थुरिंगियात काहीतरी झालं होतं ना? एका दिवसाचा मुख्यमंत्री.

राइनकाठ

हो, तोही कार्यपद्धतीचाच डाव. तिथे मुख्यमंत्री निवडताना पहिल्या दोन फेऱ्यांत पूर्ण बहुमत लागतं, तिसऱ्यात सर्वाधिक मतं पुरतात. ५ फेब्रुवारी २०२० ला तिसऱ्या फेरीत एएफडीने स्वतःचा उमेदवार उभा ठेवला आणि सगळी मतं उदारमतवादी एफडीपीच्या केमेरिच यांना दिली. ४५ विरुद्ध ४४. एएफडीच्या स्वतःच्या उमेदवाराला शून्य. ज्यांच्या पक्षाला जेमतेम ५ टक्के मतं होती ते मुख्यमंत्री झाले, आणि देशभर एवढा गदारोळ झाला की तीन दिवसांत राजीनामा. तुमच्या उमेदवारीचा दुसरा कोणी वापर करू शकतो का हे फेरीआधी मोजायचं असतं. त्यांनी मोजलं नव्हतं.

आकडेमोड

बेल्जियमची भर घालून थांबतो. तिथे अतिउजव्या व्लाम्स बेलांग पक्षाभोवतीचं कुंपण नव्वदीपासून उभं आहे आणि बऱ्यापैकी पाळलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नीनोव्हे गावात त्या पक्षाच्या स्थानिक यादीला ४७ टक्के मतांवर निम्म्याहून जास्त जागा मिळाल्या आणि महापौर त्यांचा झाला. कुंपण मोडलं नाही कोणी. कोणाच्या सोबतीची गरजच उरली नाही.

खातेवाटप

ऑस्ट्रियाचा शेवट कोणी सांगितला नाही. ३ मार्च २०२५: पीपल्स पार्टी, सोशल डेमोक्रॅट आणि निओस, म्हणजे जानेवारीत मोडलेली तीच मोट, यावेळी क्रिश्टियान श्टोकर चॅन्सेलर. १५५ दिवस. आणि गृहखातं? पीपल्स पार्टीकडेच.